व्हार अजून जिवंत का आहे? जावास्क्रिप्टच्या जुन्या-नव्याची गोष्ट

आजचा भाग एका छोट्याशा शब्दाबद्दल आहे. शब्द आहे ‘व्हार’.

मॉडर्न जावास्क्रिप्ट शिकवणारा कुठलाही ऑनलाइन कोर्स उघडा. पहिल्या-दुसऱ्या व्हिडिओतच शिक्षक सांगतात, व्हार विसरा, लेट आणि कॉन्स्ट वापरा. मग ॲरो फंक्शन, टेम्प्लेट लिटरल, प्रॉमिस, असिंक-अवेट अशी लांबलचक यादी सुरू होते. सध्या मीही असाच एक कोर्स करतेय. रोज लोकलमध्ये, मोबाइलवर, दीडपट वेगानं. कोर्स चांगला आहे, तक्रार नाही. पण ‘व्हार विसरा’ ऐकलं की एक साधा प्रश्न पडतो. एवढा वाईट आहे तर काढून का टाकत नाहीत? आणि लेट एवढा चांगला आहे तर तो पहिल्या दिवसापासून का नव्हता?

या प्रश्नाचं उत्तर कोर्समध्ये मिळत नाही, कारण ते इतिहासात आहे. आणि तो इतिहास एकदा कळला की ती लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. म्हणून आज तोच सांगते.

चला, १९९५ सालात.

दहा दिवस

कॅलिफोर्नियात नेटस्केप नावाची कंपनी होती. तिचा ब्राउझर तेव्हा जगात सगळ्यात पुढे होता. पण वेबपेज म्हणजे तेव्हा छापील कागदासारखंच, वाचा आणि लिंकवर क्लिक करा, बस्स. पानाला थोडी हालचाल करता यावी, फॉर्ममध्ये काही चुकीचं भरलं तर तिथल्या तिथे सांगता यावं, यासाठी ब्राउझरच्या पोटात एक छोटी भाषा हवी होती. हे काम ब्रेंडन आइक या प्रोग्रामरकडे आलं. त्याला कंपनीत बोलावताना सांगितलं होतं की ‘स्कीम’ नावाची भाषा ब्राउझरमध्ये बसवायची आहे. स्कीम म्हणजे अभ्यासकांची लाडकी, छोटी आणि सुबक भाषा.

तो आला तोवर हवा बदलली होती. सन कंपनीच्या ‘जावा’ भाषेचा बोलबाला सुरू झाला होता आणि नेटस्केपनं सनशी हात मिळवला होता. वरून हुकूम आला: भाषा दिसायला जावासारखी हवी. आणि लवकर हवी.

मे १९९५ मध्ये आइकनं दहा दिवसांत पहिला नमुना तयार केला. कंस आणि अर्धविराम जावासारखे. फंक्शनला एखाद्या आकड्यासारखं इकडून तिकडे पाठवता येणं, हे स्कीमकडून. आणि ऑब्जेक्टची प्रोटोटाइप पद्धत ‘सेल्फ’ नावाच्या भाषेकडून. नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट. शेवटचं नाव जावाच्या लोकप्रियतेवर स्वार होण्यासाठी दिलं. नात्यानं दोघी सख्ख्या बहिणी नाहीत. फार तर एका सोसायटीत राहणाऱ्या.

दहा दिवसांत केलेल्या कामात काही कच्चे टाके राहणारच. एक ऐका. जावास्क्रिप्टला विचारलं, ‘नल’ हा कुठल्या प्रकारचा आहे, तर ती सांगते, ऑब्जेक्ट. हे चूक आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि आजही ती तसंच सांगते. दुसरं उदाहरण तारखेचं. महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी शून्य आणि डिसेंबर अकरा. हे त्या वेळच्या जावाच्या तारखेवरून जसंच्या तसं उतरवलेलं. आणि तिसरं उदाहरण आपला व्हार. व्हारनं बनवलेला व्हेरिएबल ज्या कंसात जन्मला त्या कंसात राहत नाही, तो अख्ख्या फंक्शनभर फिरतो.

भाषा कंपनीच्या हातून निसटते

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर ३ आणला आणि त्यात हीच भाषा स्वतः पुन्हा लिहून घातली. नाव ठेवलं जेस्क्रिप्ट, कारण जावास्क्रिप्ट हे नाव सनच्या मालकीचं. आता दोन ब्राउझर आणि जवळजवळ सारख्याच दोन भाषा. त्या ‘जवळजवळ’मध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांचे हाल होणार होते.

म्हणून भाषेचं प्रमाण ठरवायला नेटस्केप जिनिव्हातल्या एक्मा या संस्थेकडे गेली. तिथे टीसी ३९ नावाची समिती बसली. जून १९९७ मध्ये पहिलं प्रमाण छापलं गेलं. ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे भाषेचं अधिकृत नाव ठरलं एक्मास्क्रिप्ट. कोर्समध्ये ईएस ५, ईएस ६ असं जे ऐकता ना, त्यातला ‘ईएस’ तो हाच. डिसेंबर १९९९ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि मग पुढची दहा वर्षं भाषेचं नवं प्रमाण आलंच नाही.

त्या दहा वर्षांत वेब मात्र कुठल्या कुठे गेलं. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गूगल मॅप्स. नकाशा सरकवला की पान पुन्हा लोड न होता पुढचा भाग दिसतो, हे तेव्हा जादूसारखं वाटायचं. ती सगळी जादू १९९९च्या भाषेत लिहिलेली होती. ब्राउझरा-ब्राउझरांतले फरक झाकायला लोकांनी आपापल्या लायब्ररी लिहिल्या. २००६ मध्ये जॉन रेसिगची जेक्वेरी आली, तिच्याच आगेमागे मूटूल्सही आली. हे मूटूल्स नाव लक्षात ठेवा, पुढे एक गंमत आहे.

चौथी आवृत्ती कुठे गेली?

तीननंतर पाच आली. चौथी गेली कुठे?

चौथीवर वर्षानुवर्षं काम झालं होतं. क्लास, पॅकेज, नेमस्पेस, टाइप अशी मोठी भाषा उभी करायचा तो बेत होता. ॲडोबीनं फ्लॅशसाठी ॲक्शनस्क्रिप्ट ३ ही भाषा त्याच आराखड्याच्या आधारानं बाजारात आणलीसुद्धा. पण समितीत उभी फूट पडली. एका बाजूला मोझिला आणि ॲडोबी. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्ट, आणि याहूचा डग्लस क्रॉकफोर्ड. ही मंडळी म्हणत होती, एवढा मोठा बदल वेबला पेलणार नाही, थोड्या दुरुस्त्या करा आणि पुढे चला.

जुलै २००८ मध्ये ऑस्लोला बैठक झाली आणि तिथे समेट झाला. चौथी आवृत्ती बाजूला ठेवायची. आधी छोट्या दुरुस्त्या, मग सगळ्यांच्या संमतीनं मोठं काम. या मोठ्या कामाला नाव दिलं हार्मनी, म्हणजे सलोखा. छोट्या दुरुस्त्यांची आवृत्ती डिसेंबर २००९ मध्ये पाचवी म्हणून आली. आज कोर्समध्ये ज्याला आपण मॉडर्न जावास्क्रिप्ट म्हणतो, त्याचा पाया त्या ऑस्लोच्या समेटात आहे.

पाचव्या आवृत्तीतली एक युक्ती मला फार आवडते. भाषेचे काही ढिले नियम कडक करायचे होते. पण कडक केले तर जुनी पानं बंद पडणार. मग त्यांनी काय केलं? फाइलच्या सुरुवातीला अवतरणचिन्हांत ‘यूज स्ट्रिक्ट’ असं लिहायचं. नवा ब्राउझर ते वाचून कडक नियम लावतो. जुन्या ब्राउझरला तो नुसता एक मजकूर दिसतो, ज्याचं काही करायचं नसतं. तो गुपचूप पुढे जातो. एकच ओळ, दोघांना चालणारी.

ब्राउझर नावाचा वाचक

इथे जरा मराठीकडे येऊ या, म्हणजे अडचण नीट कळेल. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले. ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण वाचनालयातली जुनी पुस्तकं कुणी रद्दीत घातली नाहीत. आजोबांच्या कपाटातलं पुस्तक उघडलं तर आपण अनुस्वारासकट वाचतो आणि अर्थ लागतो. माणसाला तेवढं समजतं.

ब्राउझर हाही एक वाचक आहे. त्याच्यासमोर १९९८ सालचं पानही येतं आणि आज सकाळी लिहिलेलंही. पण तो समजूतदार नाही. नियम बदलला की जुनं पान त्याला चुकीचं वाटतं आणि तो तिथेच अडतो. ते पान लिहिणारा कदाचित नोकरी सोडून गेलाय, कंपनी बुडालीय, पासवर्ड कुणाकडेच नाहीये. पानावर आलेल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त बटण चालत नाही एवढं दिसतं.

म्हणून टीसी ३९ची सगळ्यात मोठी अट आहे: वेब मोडायचं नाही. नवं कितीही आणा, पण चालू असलेलं बंद पाडू नका. ‘नल’चं उत्तर सुधारायचा प्रस्ताव आला होता. नाकारला गेला, कारण त्या चुकीच्या उत्तरावर विसंबून लिहिलेला कोड जगभर चालू होता. व्हार जिवंत आहे तो याच अटीमुळे. त्याचा स्वभाव बदलता येत नव्हता, म्हणून त्याच्या शेजारी नवा शब्द आणून बसवावा लागला.

२०१५: यादीतली प्रत्येक गोष्ट एक दुखणं आहे

जून २०१५ मध्ये सहावी आवृत्ती आली, ईएस ६. तिचंच दुसरं नाव ईएस २०१५. आता कोर्सची यादी पुन्हा बघू, या नजरेनं.

लेट. व्हार वापरून एक लूप चालवा, आय शून्यापासून दोनपर्यंत. प्रत्येक फेरीत सांगा, एका सेकंदानंतर आय छाप. तुम्हाला वाटतं ०, १, २ छापलं जाईल. छापलं जातं ३, ३, ३. कारण सगळ्या फेऱ्यांत आय एकच, आणि सेकंद उलटेपर्यंत तो तीनवर जाऊन बसलेला असतो. लेट लिहिलं की प्रत्येक फेरीला नवा आय मिळतो आणि ०, १, २ येतं. नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न आजही हमखास विचारतात.

ॲरो फंक्शन. आतल्या फंक्शनमध्ये गेलं की ‘धिस’चा अर्थ बदलायचा. म्हणून लोक बाहेरच ‘सेल्फ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये धिस साठवून ठेवायचे आणि आत सेल्फ वापरायचे. ॲरो फंक्शनला स्वतःचा धिसच नसतो, तो बाहेरचा घेतो. साठवायची कटकट गेली. या बाणाची खूण कॉफीस्क्रिप्टमुळे लोकांच्या बोटांत बसली होती. २००९ मध्ये जेरेमी ॲश्केनसनं ही छोटी भाषा आणली होती, जिचं शेवटी जावास्क्रिप्टच व्हायचं.

क्लास. इथे नीट ऐका, कारण बरेच कोर्स हे घाईत उरकतात. क्लास हा शब्द नवा आहे, पण आत १९९५चीच प्रोटोटाइप पद्धत चालू आहे. त्यामुळे ‘आता क्लास आले, प्रोटोटाइप शिकायची गरज नाही’ असं कुणी सांगितलं तर अर्धंच ऐका.

प्रॉमिस. सर्व्हरकडून एक गोष्ट मागवा, ती आली की दुसरी, ती आली की तिसरी. जुन्या पद्धतीत हे फंक्शनमध्ये फंक्शन, त्यात फंक्शन असं आत आत सरकत जायचं. प्रॉमिसनं ती साखळी सरळ केली. ही कल्पना तर १९८८ सालच्या बार्बरा लिस्कोव्ह आणि लियुबा श्रीरा यांच्या शोधनिबंधात सापडते. जावास्क्रिप्टच्या जन्माच्याही सात वर्षं आधी!

दिसतंय ना? यादीतली प्रत्येक गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी जुन्या दुखण्यावरचं औषध आहे. दुखणं माहीत नसेल तर औषधाचं नाव पाठ करून काय उपयोग?

शाळकरी पोरगा आणि मोडलेली वेबसाइट

भाषा कागदावर आली तरी लोकांचे ब्राउझर जुनेच होते. मग वापरायची कशी? २०१४ मध्ये सेबॅस्टियन मॅकेन्झी या ऑस्ट्रेलियातल्या किशोरवयीन मुलानं एक टूल लिहिलं, ‘सिक्स टू फाइव्ह’. नाव वाचूनच काम कळतं. तुम्ही सहाव्या आवृत्तीत लिहा, ते पाचव्या आवृत्तीत उतरवून देतं. २०१५च्या सुरुवातीला त्याचं नाव झालं बेबेल. त्यानंतर कित्येक वर्षं जगभरचे लोक नवी भाषा लिहित होते आणि ब्राउझर जुनी भाषा वाचत होते. मधल्या दुभाषाचं काम एका पोरानं उभं केलं होतं.

२०१५ नंतर समितीनं दरवर्षी छोटी आवृत्ती काढायचं ठरवलं. प्रस्ताव शून्यापासून चौथ्या टप्प्यापर्यंत जातो आणि पुढे सरकायला समितीत एकमत लागतं. २०१६च्या आवृत्तीत मोठी म्हणावी अशी दोनच वैशिष्ट्यं होती. २०१७ मध्ये असिंक-अवेट आलं, जे सी शार्पमध्ये आधीपासून होतं. २०२० मध्ये प्रश्नचिन्ह-टिंबवालं ऑप्शनल चेनिंग आलं.

आता मूटूल्सची गंमत. ॲरेच्या आत ॲरे असतील तर ते सपाट करायला एक मेथड हवी होती. नाव ठरलं ‘फ्लॅटन’. २०१८च्या सुमारास फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घातली आणि एक चालती वेबसाइट मोडली! कारण मूटूल्सनं पूर्वीच ॲरेला स्वतःचं फ्लॅटन जोडलं होतं आणि दोघांची टक्कर झाली. समितीतल्या एकानं थट्टेनं सुचवलं, नाव ‘स्मूश’ ठेवा. इंटरनेटवर गदारोळ झाला, लोकांना ते खरंच वाटलं. शेवटी २०१९च्या आवृत्तीत मेथड आली ती ‘फ्लॅट’ या नावानं. त्याआधी ‘कंटेन्स’चं ‘इन्क्लूड्स’ झालं, तेही मूटूल्सशी टक्कर होते म्हणूनच.

तेव्हा कोर्समध्ये फ्लॅट शिकाल तेव्हा आठवा. मूटूल्स आता नव्या कामात जवळपास कुणी घेत नाही. तरीही त्यावर उभ्या असलेल्या जुन्या वेबसाइट्स मोडू नयेत म्हणून जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांच्या माणसांनी आपलं आवडतं नाव सोडलं.

आणि आपली मराठी?

या सगळ्यात एक गोष्ट थेट आपल्याशी जोडलेली आहे. जावास्क्रिप्टला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारा. ती सांगेल, पाच. आपण तर तीन मोजतो: म, रा, ठी. ती काना आणि वेलांटी वेगळे मोजते, कारण तिची मोजणी १९९५च्या जगातली आहे. आता हे ‘लेंग्थ’ बदलता येणार नाही, का ते तुम्हाला कळलंय. म्हणून इंटल-सेगमेंटर नावाची वेगळी सोय आली, आणि ती बरोबर तीन सांगते. त्याच इंटल कुटुंबात आकड्यांचीही सोय आहे. मराठी भाषा सांगितली की एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन ‘१,२३,४५६’ असं देवनागरीत, आपल्या स्वल्पविरामांसह मिळतं. मराठी ॲप बनवायचं डोक्यात असेल, तर हे कोर्सच्या यादीत नसलं तरी शोधून शिका. नाव लिहायच्या चौकटीत अक्षरांची मर्यादा घालताना आपल्याच नावांवर अन्याय होणार नाही.

मग कोर्स कसा करायचा?

माझं म्हणणं एवढंच. नवं वैशिष्ट्य शिकलं की व्हिडिओ थांबवा आणि तेच काम त्या वैशिष्ट्याशिवाय करून बघा. लेटवाला लूप व्हारनं लिहा, ३, ३, ३ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. असिंक-अवेटचा कोड प्रॉमिसनं लिहा, मग प्रॉमिसचा कॉलबॅकनं. दहा मिनिटं जातील, पण ती गोष्ट परत विसरणार नाही. फोनवर करत असाल तर ब्राउझरमध्ये चालणारे फुकट एडिटर पुरे आहेत.

याचा फायदा नोकरीत कळतो. पहिल्या दिवशी तुमच्या हातात नवा कोरा कोड कुणी देत नाही. देतात तो आठ-दहा वर्षांचा जुना, व्हारनं भरलेला, ‘सेल्फ’ साठवून ठेवणारा, मध्येच जेक्वेरी वापरणारा. ज्याला फक्त नवी यादी पाठ आहे तो म्हणतो, हा कचरा कुणी लिहिला? ज्याला इतिहास माहीत आहे तो ओळी वाचून सांगतो, हा २०१२च्या आसपासचा असावा, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आणि मग तो कोड न मोडता सुधारतो. वेबला तीस वर्षं चालू ठेवणाऱ्यांनी हेच केलं.

एक गृहपाठ देते. तुमच्या शाळेची, ग्रामपंचायतीची किंवा बँकेची एखादी जुनी वेबसाइट कॉम्प्युटरवर उघडा, राइट क्लिक करून पानाचा सोर्स बघा आणि व्हार शोधा. सापडला की कमेंटमध्ये सांगा, कुठे सापडला आणि तो काय काम करतोय. चांगल्या उत्तरांवर पुढच्या भागात बोलू. तोवर ऐकत राहा, लिहीत राहा!